भारावर लावलेली चेन

शेषराव मिस्त्रींच्या गॅरेजवर माणसं एकेकटी येत नसत. नवऱ्यासोबत बायको असे, बायकोच्या कडेवर लेकरू, कधी म्हातारी आई, आणि त्यांच्या मागून एखादा भाऊ खताचं पोतं खांद्यावर घेऊन येई. मी दिग्रसला नोकरीवर रुजू झाले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, समोर दवाखाना असावा. मग दिसलं की ही सगळी मंडळी पोत्यासकट एका मोटारसायकलवर चढून बसतात. एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस मागच्या चाकाजवळ उकिडवा बसतो, थोडा वेळ काहीतरी करतो, मग म्हणतो, "उतरा." सगळे उतरतात आणि घरी जातात.

ते गाडीची चेन लावून घ्यायला आलेले असत.

मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. रस्त्याच्या या बाजूला माझी भाड्याची खोली, त्या बाजूला त्यांचं गॅरेज. माझ्याकडे विनागियरची स्कूटर आहे आणि तिला चेन नसते, त्यामुळे माझं त्यांच्याकडे कधी काम निघालं नाही. "तुमच्या गाडीत पाहासारखं काहीच नाही, मॅडम," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. पण बोलायला त्यांना कुणीतरी लागे, आणि ऐकायला मला जमतं.

इतर मिस्त्री गाडी डबल स्टँडवर चढवतात, मागचं चाक हवेत फिरवतात, चेन बोटाने वरखाली करून झोल पाहतात आणि नट आवळतात. शेषरावभाऊंना हे पाहवत नसे. "उभ्या मानसाचं माप घेऊन पँट शिवली आन् तो जेवाले बसला," ते म्हणत, "मंग फाटन नाही तर काय होईन?" गाडीवर वजन आलं की शॉकअप दबतो, चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन नवरा, बायको, दोन लेकरं आणि वर कापसाचं गाठोडं एवढं बसलं की तारेसारखी ताठ होते. मग कडी तुटते, नाहीतर आतलं बेअरिंग जातं. कापसाच्या हंगामात अशा गाड्या एकामागून एक त्यांच्याकडे ढकलत यायच्या. तेव्हा त्यांनी ठरवलं की जो भार रोज न्यायचा तो आधी गाडीवर बसवायचा आणि मग चेन लावायची.

"घरचे आना," हे त्यांचं कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य असे.

आणि लोक आणत. नवी नवरी भर रस्त्यात गाडीवर बसायला लाजली तर ते गाडीचं तोंड भिंतीकडे करत. लेकरू टाकीवरून उठून मागच्या सीटवर बसायला लागलं की चेन पुन्हा लावायची, असा त्यांचा नियम होता, त्यामुळे गावातली कितीतरी मुलं त्यांनी तशी वाढताना पाहिली. बाजाराला बकऱ्या नेणारा एक व्यापारी होता. तो एकदा खरोखरच पोत्यात बांधलेली बकरी घेऊन आला. बघे हसले. भाऊ हसले नाहीत. "नीट धर तिले," एवढंच म्हणाले, आणि बकरी ओरडत असताना त्यांनी चेन लावून दिली.

बिघाड शोधायची त्यांची पद्धत अशी होती की गिऱ्हाइकाला 'आवाज येतो' असं म्हणायला बंदी. "आवाज तर बँडचाही येते. कसा येते ते काढून दाखव." मग माणसाला तो आवाज तोंडाने काढावा लागे. एका शाळेचे मुख्याध्यापक, अत्यंत गंभीर गृहस्थ, गॅरेजसमोर उभं राहून 'कर्र टक, कर्र टक' करताना मी पाहिले आहेत.

"टक जोरात येते की कर्र?" भाऊंनी विचारलं.

"टक जोरात," मुख्याध्यापक म्हणाले.

"मंग तसं काढा ना, सर. तुमी दोन्ही सारखेच काढून राह्यले."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा काढला. थांबून थांबून एकच टक येत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडलेली असायची. सारखी खरखर असेल तर गरारी, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दात्यांची चकती, झिजलेली असायची. गाडी सुटताना धक्का बसत असेल तर चेनचा दोषच नसायचा. मागच्या चाकाच्या ड्रममधले धक्का झेलणारे रबर बसलेले असायचे, आणि लोक उगाच चेन बदलत. सरांची कडी आखडलेली निघाली. भाऊंचं म्हणणं, सगळ्यात चांगला आवाज काढायची ती भाजी विकणारी एक म्हातारी. ती मुलाच्या मागे टोपल्या धरून बसायची आणि तिचा कान चेनच्या जवळ असायचा. "तिचा पोरगा बोलाले लागला का मी त्याले चूप करतो," ते म्हणत. "मी म्हातारीलेच इचारतो."

जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांची गाडी ते न विचारता ओळखत. जिनात उडणारी रुई गाडीवर बसते, चेनच्या तेलात भिजते आणि पुढच्या गरारीभोवती गुंडाळत जाते. हंगाम संपेपर्यंत त्या जागी दाबलेल्या लोकरीसारखा काळा थर तयार होतो आणि चेन त्याला घासत राहते. एक माणूस नवा चेन सेट टाकूनही आवाज जात नाही म्हणून वैतागून आला होता. भाऊंनी कव्हर काढलं, पेचकसाने त्या थराचा काळा गोळा ओढून काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"कोन्त्या जिनात आहे कामाले?"

"तुमाले कसं समजलं?"

"याची वात कर आन् लाव घरी," भाऊ म्हणाले. "तेल पाजेलच आहे."

कुणाचं म्हणून ते ऐकत नसत, आणि स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. दिग्रस, दारव्हा, आर्णी या तीन तालुक्यांत चेन समजणारा आपण एकटाच आहोत, हे ते रोज कुणाला तरी सांगत. दुसऱ्या मिस्त्रीचं नाव निघालं की डोळे मिटून घेत. एखादी दुरुस्ती बिघडली तर त्याला कारण असे: सामान खराब, तेल खराब, गिऱ्हाईक खराब. संध्याकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जाताना मात्र वेगळेच दिसत, शांत आणि थोडे अनोळखी. परत येताना रस्त्यात कुणाच्या गाडीचा आवाज कानावर आला की पुन्हा पहिले व्हायचे.

त्यांच्या पत्नी रमावहिनी गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहत आणि तिथूनच सगळं ऐकत. बाद झालेल्या चेन भाऊ फेकत नसत. अंगणाच्या कुंपणाला त्यांनी त्या आडव्या बांधल्या होत्या आणि वहिनींनी त्यांवर दोडक्याचा वेल चढवला होता. दोडके तोडता तोडता वहिनी एकदा मला म्हणाल्या, "यायच्या हातून भाजीत मीठ कधी जास्त पडलं नाही, मॅडम. भाजीच कमी पडते."

भाऊ आतून म्हणाले, "ऐकू येते मले."

"ऐकाले यावं म्हनूनच बोलली."

एकदा दुपारी एक बाई नवऱ्याची गाडी स्वतः ढकलत घेऊन आली. भाऊंनी आवाज काढायला सांगितला. ती म्हणाली, आवाज नाही, मला एक विचारायचं आहे. तिने पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, चेनवरून समजते का, मांगं कोन बसत असते ते?"

भाऊंनी पाना खाली ठेवला. चेन पाहिली, बोटाने दाबली, चाक एकदा फिरवलं. बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"चेन वजन सांगते, बाई," ते म्हणाले. "नाव नाही सांगत."

"वजन तर सांगा."

"वजन तुयंच आहे. घरी जा."

ती गेल्यावर मी विचारलं, खरंच समजतं का. "थोडंफार समजते," ते म्हणाले. "पन मांगं गॅस सिलिंडर होतं का बाई होती, हे कसं समजन? मी काय देव आहो?" एवढ्या एकाच बाबतीत आपल्याला समजत नाही असं म्हणताना मी त्यांना तोपर्यंत ऐकलं होतं.

कविता माझ्या वाचनखोलीत येणारी मुलगी. दिग्रसजवळच्या तांड्यावरची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे मैदानावर धावायची, मग डबा खाऊन दुपारपर्यंत सामान्य ज्ञानाची पुस्तकं घेऊन कोपऱ्यात बसायची. तिला तांड्यावरून गाडीवर आणायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, विकासचं. तो आयटीआयमध्ये शिकत होता. त्यांचे वडील बळीराम दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला टोळीबरोबर जात, आणि मुलगा मोठा झाल्यापासून तोही जाई. त्या वर्षी बळीरामांनी ठरवलं होतं की मुलगी भरतीत उतरेल आणि मुलगा टोळीत येणार नाही, तो आयटीआय पूर्ण करेल. हे कविताने मला सांगितलं होतं, आणि सांगताना ती पुस्तकाकडे पाहत होती.

दिवाळीच्या आधी शेषरावभाऊंनी त्यांच्या गाडीला नवी चेन टाकली. 'घरचे आना' झालं. बहीणभाऊ गाडीवर बसले, भाऊंनी चेन लावली. मी खिडकीतून पाहिलं होतं.

नंतर थोड्याच दिवसांनी एका पहाटे मैदानाकडे येताना ते दोघं पडले. रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता. विकासने वेगात ब्रेकरवरून गाडी घातली, गाडी उडाली, खाली आली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. चेन उतरून गरारी आणि ड्रमच्या मध्ये अडकली होती. विकासचं कोपर सोलवटलं. कविताचा घोटा मोडला. धावायची चाचणी तोंडावर आली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि या भरतीचं नाव काढू नका म्हणाले.

बळीराम मुलाला मारायला धावले नाहीत. त्यांनी चावी काढून घेतली आणि म्हणाले, "तुया शिकन्यापायी काही अडलं नाही. टोळीत चाल." आपण वेगात होतो हे विकासला ठाऊक होतं. आयटीआयमध्ये जाणं त्याने दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

मोडकी गाडी टेम्पोतून भाऊंकडे आली. त्या दिवशी गॅरेजसमोर जमलेल्या सगळ्यांनी एकच निकाल दिला: पोट्टं जोरात चालवत होतं. भाऊंनी चेन काढून डिझेलमध्ये धुतली, जुन्या चादरीवर पसरली आणि तिच्यापुढे मांडी घालून बसले. एकेक कडी बोटांनी वाकवून पाहिली. सगळ्या मोकळ्या होत्या. चेनची टोकं जोडणारं लॉक जागेवर होतं. गरारीचे दात नवे होते. फक्त गरारीच्या आतल्या बाजूला चेन घुसल्याचा चकचकीत ओरखडा होता. चेनमध्ये कुठलाच दोष नव्हता, आणि तरी ती उतरली होती.

दुसऱ्या दिवशीही ते तिच्यापुढेच बसलेले होते. गिऱ्हाईक आलं की "उद्या" म्हणत. वहिनींनी जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणून तिथेच. नंतर त्यांनी चेन परत गाडीवर चढवली. आधी जशी लावली होती तशीच, अॅडजस्टरच्या जुन्या खुणेवर. मग मला हाक मारली.

"मॅडम, येता का? गाडीवर बसा लागते. तू पन ये वं."

मी पुढे बसले, वहिनी मागे. भाऊ म्हणाले, "दोघी मिळून त्याईच्यापेक्षा जास्तच होता, पन चालन." वहिनींनी माझ्या पाठीला कोपराने ढोसलं. भाऊंनी चेन दाबली. झोल अगदी पाहिजे तेवढाच होता. आम्हाला उतरवलं आणि पुन्हा दाबली. सैल, पण तितकी असायचीच. मग त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून दोर टाकला आणि गाडीचा मागचा भाग उचलून बांधला. चाक हवेत लोंबलं, दबलेला शॉकअप पूर्ण उघडला, आणि चेन खाली पोटासारखी लोंबली. भाऊंनी चाक फिरवत तिला बाजूने एक बोट लावलं. ती दातांवरून उतरली आणि आत जाऊन अडकली. चाक थांबलं.

भाऊ दोन पावलं मागे सरकले.

"मी भार पाह्यला, मॅडम," ते म्हणाले. "भार उतरल्यावर काय होते ते नाही पाह्यलं. गाडी उडली का वजन सरते. त्या टायमाले चेन अशी होते." हाताने त्यांनी लोंबता आकार दाखवला. "आपल्या इकडले रस्तेच तसे होते ना. खड्ड्यायतून कोन उडते? मानूस हळूच चालते. आता रस्ता गुळगुळीत झाला. पोट्टे पळवनारच. मले समजाले पाह्यजे होतं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"चेन बरोबर होती. मी चुकलो."

वहिनी दारात होत्या. "काय म्हनलं?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं तुनं."

"नाही ऐकलं."

"मी चुकलो, म्हनलं."

मला वाटलं, वहिनी आता काहीतरी बोलतील. त्या आत गेल्या आणि ताट वाढलं.

त्याच संध्याकाळी भाऊ वंदनेला न जाता तांड्यावर गेले. परत आले ते सरळ माझ्या दाराशी. "नाही ऐकत," ते म्हणाले. त्यांनी बळीरामांना सगळं सांगितलं होतं. बळीरामांनी हात जोडले होते. 'भाऊ, तुमी मोठ्या मनाचे आहा, पन पोट्ट्याले पाठीशी नका घालू. तुमच्या हातची चेन चुकते, हे मले कोनी सांगो, मी मानत नाही. तुमीच तर सांगतलं होतं, तीन तालुक्यात तुमच्यासारखा कोनी नाही.' वर चहा पाजला होता. विकासही म्हणाला होता, "काका, मी फास्टच होतो."

"मी त्याले म्हनलं, फास्ट तर सारेच जातात बे. फास्ट गेल्यावर चेन जागेवर राह्यली पाह्यजे. नाही ऐकत. परवा टोळीची गाडी निघते." ते दाराच्या चौकटीला टेकले. "उद्या तुमी चाला संगं. तुमचं ऐकतीन. पोरगी तुमाले मानते."

मी म्हणाले, मला चेनमधलं काही कळत नाही.

"तुमाले बोलाचं नाही. बसाचं आहे फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत गाडी घालून आम्ही तांड्यावर गेलो. बळीरामांच्या घरासमोर टोळीचं सामान बांधून ठेवलं होतं: भांडी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, फडक्यात गुंडाळलेले कोयते. विकासची पिशवी वेगळी होती. कविता बाजेवर पाय लांब करून बसली होती, मांडीवर माझ्याकडून नेलेलं पुस्तक. बळीरामांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"चहा मंग," भाऊ म्हणाले. "पहिले गाडी पाहा."

"भाऊ, काल बोलनं झालं ना आपलं."

"काल मी बोललो. आज तुमीच पाहा."

विकासला त्यांनी पुढे बसवलं, मला मागे. बळीरामांना म्हणाले, लावा बोट. बळीरामांना ते आवडलं नव्हतं, पण माझ्यासमोर ते नाही म्हणाले नाहीत. ते वाकले आणि चेन दाबली. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग आम्ही उतरलो. भाऊंनी शेजारच्या दोघांना बोलावून गाडी मागून उचलायला लावली. चाक जमिनीवरून सुटलं.

"आता ब्रेकरवरून उडली समजा. मी चाक फिरवतो. बाजूनं बोट लावा. जोर नका लावू."

बळीरामांनी बोट लावलं. चेन उतरली, आत घुसली आणि चाक थांबलं. उचलून धरलेले दोघंही वाकून पाहायला लागले, तेव्हा गाडी जवळजवळ त्यांच्या हातून सुटली.

बळीरामांनी बोटाचं तेल धोतराला पुसलं. पुन्हा चाकाकडे पाहिलं. मग विकासकडे पाहिलं, तो खाली पाहत होता.

"हे तुमी लावली होती अशी," ते भाऊंना म्हणाले.

"मीच."

"पोट्ट्यानं हात नाही लावला?"

"नाही लावला. खुना माया हातच्या आहेत."

"अन् मी याले..." ते थांबले. बाजेकडे वळले, पोरीच्या प्लास्टरकडे पाहिलं. तिची आई चहाचे कप घेऊन दारात आली होती. बळीरामांनी तिला हाताने थांबवलं. "चहा नेऊन ठेव आत," ते म्हणाले. आणि भाऊंकडे न पाहता, "जा तुमी. माया दारी आता नका थांबू."

तांड्यावर पाहुण्यासाठी केलेला चहा परत आत गेलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. भाऊ मान हलवून उठले.

"बापू," कविता बाजेवरून म्हणाली, "चेन उतरलेली गाडी ठेवून कसे जातील ते?" मग भाऊंना म्हणाली, "काका, लावून द्या. प्लास्टर निघालं की मला वाचनखोलीत जायचंय. विकास आणून सोडेल."

बळीराम घराकडे पाठ करून उभे राहिले. भाऊंनी खाली बसून चेन परत चढवली. मला आणि विकासला पुन्हा बसवलं, चेन पाहिली. उतरवलं, गाडी उचलायला लावली, पुन्हा पाहिली. थोडी आवळली, पुन्हा बसवलं. ताणली जात नव्हती ना ते पाहिलं, पुन्हा उचलायला लावली. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी त्यांनी नट आवळले, बोट लावून चेन उतरवायचा प्रयत्न केला, ती उतरली नाही. पाने पिशवीत घातले आणि ते टेम्पोकडे चालू लागले.

परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. "पटलं त्याईले."

दुसऱ्या दिवशी टोळीची गाडी गेली. विकास तिच्यात नव्हता. कविता प्लास्टर निघाल्यावर पुन्हा यायला लागली; चालताना थोडी लंगडते, धावणं आता हळूहळू सुरू केलं आहे. पुढच्या भरतीचं काय होईल ते मला माहीत नाही. बळीराम भाऊंशी त्यानंतर बोलले नाहीत, आणि भाऊंनीही त्यांना बोलायचा आग्रह केला नाही.

भाऊंचं गॅरेज त्या हिवाळ्यात बहुतेक बंदच दिसायचं. आतापर्यंत त्यांनी लावलेल्या चेन दिग्रसभर, आजूबाजूच्या खेड्यांत फिरत होत्या, आणि कोणकोणत्या ते त्यांना सगळं आठवत नव्हतं. रस्त्यावरून ओळखीची गाडी गेली की हाक मारत. लोक सवयीने घरच्यांना घेऊन येत, तर आता ते म्हणत, बसा, उतरा, आता उचला. आठवडी बाजाराच्या दिवशी आपली गाडी काढून पाने घेऊन निघत. वहिनी म्हणाल्या, "आता मीठ जास्त पडलं तर मायाच हातून पडलं म्हनतात. मलेच कसंतरी वाटते."

उन्हाळ्यात ते गेले. दुपारी छातीत दुखायला लागलं, यवतमाळला पोहोचेपर्यंत संपलं होतं.

मी त्यांना चेन लावताना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, आर्णी रोडवरच्या एका लग्नात. वाचनखोलीतल्या एका मुलीचं लग्न होतं. मंडपात गरम होत होतं म्हणून मी बाहेर आले. मंडपाच्या मागे मोटारसायकली ओळीने लावलेल्या होत्या आणि त्यांच्या मधून एक माणूस सरकत होता. भाऊच होते. लग्नाचा पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एका गाडीजवळ थांबले, वाकून पाहिलं, पुढे गेले. दुसऱ्या गाडीजवळ खाली बसले आणि खिशातून पाना काढला.

फेटा बांधलेला एक मिशीवाला तरुण मंडपातून घाईने आला.

"काय करून राह्यले बावा गाडीजवळ?"

"चेन पाहून राह्यलो. ढिली आहे."

"तुमाले कोनं सांगतलं पाहाले? मी कुठं म्हनलं का ढिली आहे?"

"तू नाही म्हनलं."

"मंग?"

"मीच लावली होती. तू बापासंगं आलता, टाकीवर बसला होता. तुले नाही आठवत." त्यांनी वर पाहिलं नाही. "मांगून उचल जराशी."

तरुणाने मंडपाकडे वळून पाहिलं. मंडपात अक्षतांसाठी माईकवरून नातेवाइकांना बोलावत होते. मग त्याने फेटा काढून शेजारच्या सीटवर ठेवला, मागची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि गाडी उचलली.